सोमवारचं पाणी

मी विहिरी मोजते. पाहुणे आले की आमची सून कौतुकानं सांगते, "आमच्या आत्याबाई हिरी मोजतात," आणि पाहुणे माझ्याकडं असं बघतात की म्हातारीच्या डोक्यात काहीतरी झालंय. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. इतक्यांदा सांगितलंय की एकदाचं लिहूनच काढावं म्हटलं. लिहायची सवय आहेच मला. शाळा बघितली नाही, पण लेकाला पाटीवर गिरवायला बसवायचे तेव्हा त्याच्या शेजारी बसून मीपण गिरवलं. तो पुढच्या वर्गात गेला, मी त्याच पाटीवर राहिले, पण अक्षर सुटलं नाही. कॅलेंडरच्या मागं, साखरेच्या पुड्याच्या कागदावर, जिथं कोरं दिसेल तिथं मी लिहिते.

आमचं गाव पेडगावच्या बाजूला. एक ओढा आहे, आणि त्याच्यावर वरच्या अंगाला एक बंधारा झाला. बंधाऱ्याच्या खाली आमच्या भावकीच्या सहा विहिरी. बंधारा झाला त्याच्या पुढच्या वर्षी एक पोरगी आमच्या दारात आली. पाथरीची. परभणीला शिकायला, वसतिगृहात राहायला. तिला बघायचं होतं की ह्या बंधाऱ्यानं विहिरीचं पाणी खरंच वाढलं का. त्यासाठी तीन वर्षं, दर आठवड्याला, ठरलेल्या एका दिवशी पाणी किती खोल आहे ते कुणीतरी मोजून लिहायला पाहिजे होतं. आमच्या सहा विहिरी, आणि मानवतच्या रस्त्याला एका गावात सहा, जिथं बंधारा नाही. मग दोन्हींची तुलना.

ती आधी शाळेत गेली होती. तिथले गुरुजी म्हणाले, माझी बदली कधी होईल सांगता येत नाही. मग आमच्या गल्लीत आली, तर माझी जाऊ दारात शेंगा फोडत बसलेली. ती म्हणाली, "लिवणारं मानूस पायजे? मग आमच्या थोरल्या बाईला घेऊन जा. दिसंल त्या कागदावर लिवती. परवा माझ्या लाईटबिलावर लिवून ठेवलं."

पोरगीनं मला एक फीत दिली, टेलराची असते तशी, पण लांबलचक. तिच्या टोकाला पितळेची उपडी वाटी. काठावरून फीत सोडायची, वाटी पाण्याला टेकली की डुबुक असा आवाज होतो. तिथं थांबायचं, आणि काठाला तांबड्या रंगाची खूण केलेली असते तिथला आकडा वाचायचा. बस, इतकंच काम. पण ते डुबुक ऐकायला वाकावं लागतं, आणि वाकल्यावर खाली बघावं लागतं. पहिल्या महिन्यात सून माझा पदर धरून उभी राहायची.

वही दिली त्यात चार रकाने. तारीख, विहिरीचा नंबर, पाणी किती खोल, आणि शेरा. शेऱ्याचा रकाना इतका अरुंद की माझं एक अक्षर त्यात बसेना. मी म्हटलं, हे काय, बोलायला जागाच ठेवली नाहीस. ती हसली. म्हणाली, "काकू, काही विशेष असलं तरच लिहा." मग मी काय केलं, पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागले. आज ह्या विहिरीत बेडूक लय. आज वाटी दगडाला अडकली. आज तुरीला फवारणी चालू, वास सहन होईना. आज सुनेचा भाऊ आला म्हणून उशीर.

सुनेच्या मोबाईलवर पानाचा फोटो काढून पाठवायचा असं ठरलेलं. सुनेनं एकदा दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले तर पोरगीचा फोन आला, "मागचं राहू द्या वैनी, आकड्यांचं पान तेवढं पाठवा, माझ्या मोबाईलमध्ये जागा न्हाई." ठीक आहे. पुढचं पान गेलं, मागचं वहीत राहिलं.

भावकीतले एक भाऊजी मात्र आधीपासून रुसलेले. म्हणायचे, "आपल्या हिरीत पानी हाय मनून सगळ्या दुनियेला दाखवायलीस. उद्या पाऊस नाय पडला तर साहेब मनतील, तुमच्याकडं तर पानी हाय." मी पोरगीला विचारलं. तिनं सांगितलं की ही माहिती शेवटी इंटरनेटवर ठेवायची असते, दुसऱ्या कुणी अभ्यास करणाऱ्याला वापरता यावी म्हणून. पण कुणाची विहीर, कुठला गट, ते काही त्यात नसतं. नुसते नंबर. एक ते सहा. भाऊजी म्हणाले, "माझी कितवी?" ती म्हणाली, "ते तुमाला बी सांगणार न्हाई." तेव्हा कुठं ते जरा शांत झाले. पण मला ते नंबर कधी जमले नाहीत. माझ्या डोक्यात आंब्याची, खारी, थोरली, जावेची अशाच राहिल्या. पहिल्या वहीच्या पुठ्ठ्यावर मी लिहून ठेवलं कुठली कितवी, आणि ती वही कुणाला देत नाही.

ती पोरगी आकडे तीन ठिकाणी ठेवायची. एक तिच्या कॉम्प्युटरात, एक बोटाएवढ्या डबीत, आणि एक इंटरनेटवर कुठंतरी वरती. मी म्हटलं तीन कशाला? ती म्हणाली, "एक गेलं तर दुसरं राहतंय काकू." मला ते लगेच पटलं. आमच्या सासूबाई ज्वारीचं बी असंच ठेवायच्या. थोडं घरात, थोडं रानातल्या आखाड्यावर, आणि थोडं लेकीच्या घरी. एका साली घरातल्या बियाला कीड लागली तेव्हा लेकीच्या घरून डबा आला. तेव्हापासून मीपण माझ्या वह्या पत्र्याच्या पेटीत ठेवायला लागले, खाली कडुनिंबाचा पाला घालून. पोरगीला सांगितलं तर तिला लय आवडलं.

तर अशी तीन वर्षं गेली. माझा एकही आठवडा चुकला नाही. वार पुढंमागं झाला असेल, आठवडा नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर ती आली. हातात गुंडाळी केलेला मोठा कागद. कॉलेजातल्या मॅडमना दाखवायच्या आधी तुम्हाला दाखवते म्हणाली. अंगणात बाज टाकली, तिच्यावर कागद पसरला, चार कोपऱ्यांना चार वाट्या ठेवल्या. कागदावर दोन रेघा. हिरवी आमच्या विहिरींची, तांबडी तिकडच्या गावची. तिनं बोट ठेवून समजावलं. पावसाळ्यात दोन्ही रेघा एकीला एक चिकटून चालतात, कारण तेव्हा सगळीकडंच पाणी. दिवाळीनंतर तांबडी खाली खाली जाते, आणि आपली हिरवी वरच राहते. उन्हाळ्यापर्यंत वर.

"बघा काकू. बंधाऱ्याचं पाणी झिरपत झिरपत तुमच्या हिरीला येतंय. तीनही वर्षं असंच."

मला काय आनंद झाला. ती रेघ माझ्या हातची. दर आठवड्याचं एकेक डुबुक तिथं ठिपका होऊन बसलेलं. मी सुनेला हाक मारली, चहा ठेव म्हटलं. पोरगी म्हणाली, पंधरा दिवसांत प्रबंध जमा करायचा, बाबा रोज फोन करून विचारतात कधी होतंय. ती चहा प्यायला आत गेली.

जाऊ बाजेजवळ उभी राहून कागदाकडं बघत होती. तिला वाचता येत नाही, पण रेघा कुणालाही दिसतात. ती हळूच म्हणाली, "बाई, तू मोजती सोमवारी."

"मग?"

"सोमवारी माझी हिर बी भरल्यालीच असती की. मोटर कुठं चालू असती?"

इथं थोडं सांगायला पाहिजे. आम्ही महादेवाची भक्ती करणारी माणसं. सोमवारी आमच्यात बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. आजोबा-पणजोबांपासून चालत आलंय. विहिरीवर पहिल्यांदा मोटर बसली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी तिलाही हाच नियम लावला. म्हणाले, ती बी राबतीच की, तिला बी एक दिवस इसावा. सगळ्या भावकीनं ते उचललं. सोमवारी आमच्या सहाही विहिरींच्या मोटरी बंद. रविवारी संध्याकाळी बंद झालेली मोटर मंगळवारी सकाळी सुरू होते. आणि मला सोमवारी रानात काम नसतं, पूजा झाली की मोकळी. म्हणून मी मोजायला सोमवार धरला. सोपं पडतं, पाणी हलत नाही, वाटीचा आवाज नीट ऐकू येतो.

तिकडच्या गावात एक अंगणवाडीच्या ताई मोजायच्या, गुरुवारी. तिथं गुरुवारी मोटरी चालूच असतात.

जावेनं एवढं बोलून शेंगांची टोपली उचलली आणि गेली. मी बाजेवरच्या कागदाकडं बघत राहिले. पावसाळ्यात रेघा चिकटलेल्या, कारण तेव्हा कुणी पाणीच देत नाही, मोटर चालू काय आणि बंद काय. दिवाळीनंतर गव्हाला, हरभऱ्याला, हळदीला पाणी सुरू. तिकडची विहीर उपसलेली असताना मोजली. आमची एक दिवस निवांत भरल्यावर मोजली. रेघा वेगळ्या होणारच.

पोरगी चहा पिऊन आली, कागद गुंडाळला, माझ्या पाया पडली आणि जीपनं गेली. मी काही बोलले नाही.

खरं सांगायचं तर तीन दिवस मी काहीच बोलले नाही. मनाला समजावलं, जाऊ अडाणी, मी अडाणी, कॉलेजातल्या मोठ्या माणसांना हे माहीत नसेल का? त्यांनी काहीतरी वजाबाकी केलेलीच असेल. मग वाटायचं, कशी करतील, त्यांना सोमवार माहीतच नाही. मग वाटायचं, पोरीचं तीन वर्षांचं काम, पंधरा दिवस राहिलेत, आपण कशाला तोंड घालावं. बंधारा काय वाईट आहे का? भाकरी थापताना हेच, दळण निवडताना हेच. चौथ्या दिवशी सून म्हणाली, "आत्याबाई, डाळीत मीठ दोनदा घातलं तुमी." तेव्हा मी म्हटलं, फोन लाव तिला.

"काकू! काय मनताव?"

"एक सांगायचं होतं ग. मी सोमवारी मोजायचे."

"हाव, मला माहितंय की. तारखा हायेत ना."

"सोमवारी आमच्या मोटरी बंद असतात."

तिच्या मागं कुणीतरी भांडी आपटत होतं, वसतिगृहाचं जेवणघर असेल. मग ती म्हणाली, "सगळ्या?"

"सगळ्या. साही."

"दर सोमवारी?"

"आमी सोमवार पाळतो, माय."

फोन बंद झाला. सुनेला वाटलं रेंज गेली. मला माहीत होतं रेंज गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती आली. डोळे सुजलेले. पाणी दिलं तर घेतलं नाही. उभ्यानंच म्हणाली, "काकू, तीन वर्षं तुमी मला हे सांगितलं का न्हाई?"

मलाही राग आला. "तू इचारलंस का? आन सांगायचं काय त्यात? सकाळी सूर्य उगवतो ते बी वहीत लिवायचं का? आमच्याकडं सोमवारी मोटर बंद असती हे शेंबड्या पोराला बी ठाऊक हाय."

"मला न्हाई ना ठाऊक!"

"मग शेरा लिवायला नीट जागा ठेवायची होतीस!"

आम्ही दोघी अशा ओरडत होतो की जाऊ भिंतीवरून डोकावली. म्हणाली, "भांडा भांडा, पर आधी तिला खाऊ तर घाल, एसटीनं आलीय लेकरू." तेव्हा आम्ही थांबलो. सुनेनं पोहे केले. पोरगी खाता खाता रडली आणि रडता रडता हसली.

खाऊन झाल्यावर मी पेटी उघडली. म्हटलं, तू शेरा म्हणत होतीस ना, हा घे. तिन्ही वह्या काढून दिल्या. तिनं पानं उलटली, आणि पहिल्यांदा मागची बाजू नीट वाचली. वाचता वाचता ताठ बसली. एका ठिकाणी लिहिलेलं: काल नणंदेकडं गेले होते म्हणून आज मंगळवारी मोजलं, आंब्याच्या विहिरीची मोटर चालू, पाणी लय खाली. दुसऱ्या ठिकाणी: आज बुधवार, ताप होता, थोरलीवर मोटर सकाळपासून. असे वार चुकलेले दिवस तीन वर्षांत बरेच निघाले. त्या दिवशीचे आकडे तिनं कॉम्प्युटरात बघितले. प्रत्येक वेळी पाणी खाली. तिला ते आकडे आधीच खटकलेले होते. मोजायला चूक झाली असेल म्हणून तिनं ते बाजूला काढून ठेवले होते.

"जे खरे होते तेच मी काढून टाकले, काकू," ती म्हणाली.

"टाकलेस म्हणजे फेकलेस?"

"न्हाई. टाकत न्हाईत. हायेत."

"मग घाल परत. रडायलीस कशाला?"

पण ते इतकं सोपं नव्हतं. तिनं तिच्या मॅडमला फोन केला. मॅडम रागावल्या नाहीत, पण प्रबंध थांबवा म्हणाल्या. हिवाळा सुरू आहे, मोटरी चालू आहेत, तर आता महिनाभर रोज मोजा, सातही वार. दोन्ही गावांत. म्हणजे सोमवारी पाणी किती चढतं आणि बाकीच्या दिवशी किती असतं ते कळेल. आणि वह्यांच्या मागच्या बाजूचेही सगळे फोटो घ्या.

ते फोटो घ्यायची वेळ आली तेव्हा मला घाम फुटला. मागच्या बाजूला काय नुसतं पाणी होतं का? सुनेवर चिडले ते होतं. लेकीच्या सासरचं एक दुखणं होतं, जे मी कुणाला बोलले नव्हते. भाऊजींनी बांध कोरला तेही होतं. मी वह्या छातीशी धरून बसले. म्हटलं हे जगाला दाखवायचं नाही.

पोरगी म्हणाली, "दाखवायचं न्हाईच. जेवढं पाण्याचं हाय तेवढं राहील. बाकीच्यावर कागद ठेवून फोटो काढू. काय झाकायचं ते तुमी सांगा." मग दोन दिवस आम्ही तेच केलं. लेकाच्या जुन्या वहीचे कागद फाडून पट्ट्या केल्या. मी ओळीवर पट्टी ठेवायची, ती फोटो काढायची. झाकलेलं तिनं वाचलं नाही. मी पट्टी ठेवेपर्यंत ती मान फिरवून बसायची.

जाऊ मात्र तिथंच घुटमळत होती. "माझं काय लिवलंस ग?"

"काय न्हाई."

"काय न्हाई तर पट्टी कशाला ठिवलीस?"

"तू माझ्याशी आठ दिवस बोलली न्हाईस, ते हाय."

"कोन्या साली?"

"दोन सालामागं. कडब्यावरून."

ती थोडा विचार करून म्हणाली, "मग ते झाकू नको. तुझीच चूक होती, सगळ्यांना कळू दे." पोरगीनं मान फिरवलेलीच होती, पण तिचे खांदे हलत होते.

त्या हिवाळ्यात मी रोज मोजलं. सहा विहिरी, रोज. पाय भरून यायचे. सून सोबत यायची, आता पदर धरायला नव्हे, फीत गुंडाळायला. मोटर चालू असली की वाटीचा आवाज ऐकू येत नाही, मग फीत ओली झाली का ते हातानं चाचपायचं. आणि आमच्याच विहिरी मला नव्यानं दिसल्या. तीन वर्षं मी त्यांना फक्त सुट्टीच्या दिवशी भेटत होते. शुक्रवारी, शनिवारी खारीचा तळ दिसायचा. मीही मनात धरून चालले होते की आमच्याकडं पाणी भरपूर.

महिन्यानं पोरगीनं नवा कागद आणला. हिरवी रेघ बरीच खाली उतरलेली. तांबडीला टेकली नव्हती, थोडी वरच होती. बंधाऱ्याचा उपयोग आहे, पण आधी दिसला तेवढा नाही. बाकीचा सोमवारचा.

मी म्हटलं, वाईट वाटतंय का? ती म्हणाली, "रेघेचं न्हाई वाटत. एका माणसाचं वाटतंय." तेव्हा कळलं की पहिल्या दोन वर्षांचे आकडे तिनं आधीच इंटरनेटवर ठेवले होते, आणि विदर्भातल्या एका शिकणाऱ्या पोरानं ते घेऊन त्याच्या कामात वापरले होते. त्याला आता कळवायचं होतं. तिनं माझ्यासमोर बसून त्याला पत्र लिहिलं, कॉम्प्युटरवर. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. शेवटी मी म्हटलं, सरळ लिही की चुकलं. तिनं तसंच लिहिलं. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं, आभार मानून. आणि विचारलं होतं की आमच्याकडंही असं काही असेल का, ते मी कुणाला विचारू. तिनं त्याला लिहिलं, मोटर चालवणाऱ्यांच्या घरातल्या बायकांना.

मला वाटलं आता ती इंटरनेटवरचं जुनं पुसून टाकील. ती म्हणाली नाही, जुनं तिथंच राहतं. त्याच्या शेजारी नवं ठेवायचं, आणि काय बदललं, का बदललं ते लिहायचं.

"चुकलेलं कशाला ठेवायचं ग, लोक हसतील."

"कुणी जुनं घेऊन गेलं असंल तर त्याला कळायला पायजे ना, काकू, कुठं काय बदललं ते. पुसलं तर तो बिचारा खोट्यावरच बसून राहील."

मनात माझ्या पट्ट्यांचा विचार आला. मीही काही पुसलं नव्हतं, झाकलं होतं. ते वेगळं.

मग तिनं मला काम सांगितलं. आकड्यांसोबत एक पान ठेवायचं असतं, आकडे कसे घेतले ते सांगणारं. ते तुम्हीच लिहा म्हणाली. मी एक पान म्हणून तीन पानं लिहिली. सोमवार काय, मोटर का बंद, कुठल्या वेळी मोजलं, वाटी अडकली तर काय केलं, सण-सुतकात काय झालं. भाऊजींना वाचून दाखवलं. ते शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "आपन सोमवार पाळतो ते चांगलं लिवलंस. पर कितवी हिर माझी ते कुठं हाय का?" नाही म्हटलं. "मग पाठव." तिनं त्याचं इंग्रजीही केलं. माझं नाव घालू का विचारलं. मी म्हटलं, घाल, विहिरींना नंबर दे, मला नंबर नको.

चार महिने उशिरानं तिचा प्रबंध जमा झाला, आणि त्याच्यानंतर तोंडी परीक्षा. सगळ्यांना येऊन बसता येतं म्हणाली. मी आणि जाऊ एसटीनं परभणीला गेलो. मोठा हॉल, पंखे जोरात. ती पडद्यावर रेघा दाखवत इंग्रजीत बोलत होती, मध्येच "सोमवार" असा शब्द आला की जाऊ मला कोपर मारायची. बाहेरगावचे एक परीक्षक होते, त्यांनी पुष्कळ विचारलं. मग सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. आतली मंडळी ठरवणार होती.

बाहेर बाकावर एक माणूस बसलेला, पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी. त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "सोमवारवाल्या काकू तुमीच का?" तिचे वडील होते. पाथरीला दुकान चालवतात.

"मीच."

"चार महिने आमच्या घरात ह्या सोमवारचंच चाललंय, अक्का."

"राग आला असंल तुमाला."

"आला की. पोरगी मनायची, काकूंनी लगेच सांगितलं मनून वाचले. मी मनायचो, काकूंचं काय जातंय."

मी म्हटलं, "लगेच न्हाई सांगितलं. तीन दिवस मी गप्पच होते. तिला ठाऊक न्हाई."

त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "तीन दिवस?"

"हाव."

"मी असतो तर सांगितलंच नसतं," ते म्हणाले, आणि बाकावर सरकून मला जागा दिली. मी बसले. जाऊ आमच्या दोघांच्या मध्ये शिरून बसली.

दार उघडलं. पोरगी बाहेर आली, ओठ दाबून. आम्ही तिघंही उभे राहिलो. "झालं," ती म्हणाली. "पास केलं. फक्त एक दुरुस्ती सांगितलीय. काकूंनी लिवलेली पानं मी अगदी शेवटी जोडली होती. परीक्षक सर म्हणाले, ती पुढं घ्या, आकड्यांच्या आधी. वाचणाऱ्यानं ती आधी वाचायला पायजेत."

वडिलांचा चेहरा उतरला. "म्हणजे अजून किती दिवस?"

"एकच दिवस, बाबा."

त्यांनी सावकाश माझ्याकडं मान वळवली. मी म्हटलं, "माझ्याकडं बघू नका. ह्यावेळी मी कुणाला काही सांगितलेलं न्हाई."